ॲनिमेशनमागील भौतिकशास्त्र : सदृशीकरण समजून घेताना

वाऱ्यावर फडफडणारा ध्वज, किनाऱ्यावर फुटणारी लाट, चुलीतून वर चढणारा धूर किंवा चालताना हलणाऱ्या साडीच्या निऱ्या ही दृश्ये मानवी डोळ्याच्या इतक्या परिचयाची असतात की, त्यांत किंचितही चूक झाली तर ती प्रेक्षकाला तत्काळ खटकते. नेमके काय चुकले हे त्याला सांगता येत नाही. मात्र काहीतरी चुकले आहे हे निश्चित जाणवते. चित्रपटात साधारणतः दर सेकंदाला २४ फ्रेम असतात. म्हणजे केवळ दहा सेकंदांच्या दृश्यासाठी २४० फ्रेम तयार कराव्या लागतात. या प्रत्येक फ्रेममध्ये ध्वजावरील शेकडो चुण्या किंवा लाटेचे लक्षावधी थेंब चित्रकाराने हाताने हलवणे अशक्यप्राय आहे. म्हणून अशा ठिकाणी संगणकाला हालचाल सांगितली जात नाही, तर हालचालीमागील निसर्गनियम सांगितले जातात. त्या नियमांवरून पुढची स्थिती संगणक स्वतः गणिताने काढतो. या पद्धतीस भौतिकाधारित सदृशीकरण किंवा प्रचलित भाषेत फिजिक्स सिम्युलेशन असे म्हणतात.

ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांकडे रोजगाराचे साधन म्हणून पाहिले जाते, तेव्हा चर्चा बहुधा सॉफ्टवेअर हाताळण्याच्या कौशल्यापुरती मर्यादित राहते. परंतु सॉफ्टवेअरमधील कळ दाबल्यावर जे घडते त्यामागे न्यूटनचे नियम, कलनशास्त्र आणि संख्यात्मक पद्धती असतात. परिणाम बिघडला तर त्याचे कारण तेथेच शोधावे लागते. सदृशीकरणाचा हा पाया, त्याच्या अभ्यासाचा क्रम आणि भारताच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेची वाटचाल

या विषयाची मूळ समीकरणे संगणकाहून फार जुनी आहेत. ताणलेल्या स्प्रिंगचे बल तिच्या ताणाच्या प्रमाणात असते हा रॉबर्ट हूक यांचा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूटन यांचा गतिविषयक ग्रंथ १६८७ मधील आहे. श्यानता असलेल्या, म्हणजे अंतर्गत घर्षण असलेल्या प्रवाही पदार्थांची समीकरणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाव्हिए आणि स्टोक्स यांनी मांडली. त्यांचीच नावे आजही या समीकरणांना आहेत.

संगणकीय चित्रनिर्मितीत या नियमांचा प्रवेश १९८० च्या दशकात झाला. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात एका ग्रहावर पसरत जाणारी आगीची भिंत विल्यम रीव्हज यांनी असंख्य स्वतंत्र कणांच्या साहाय्याने दाखवली. प्रत्येक कणाला जन्म, वेग, रंग आणि आयुष्य होते. ही ‘कणप्रणाली’ त्यांनी १९८३ मध्ये शोधनिबंधात मांडली. १९८७ मध्ये दिमित्री तेर्झोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थितिस्थापक वस्तूंचे विरूपण भौतिक समीकरणांवरून कसे काढावे हे दाखवले. १९९८ मध्ये डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी कापडाचे, तर १९९९ मध्ये जॉस स्टॅम यांनी धूर व द्रव यांचे स्थिर गणन शक्य केले. २००१ च्या ‘मॉन्स्टर्स इन्कॉर्पोरेटेड’ या चित्रपटातील सली या पात्राच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते आणि त्यांची हालचाल सदृशीकरणातून आली होती. २०१३ च्या ‘फ्रोझन’साठी हिमाच्या गणनाची नवी पद्धत विकसित करण्यात आली.

या इतिहासात एक सूत्र दिसून येते. चित्रपटाची गरज आधी निर्माण झाली आणि तिचे उत्तर गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व अभियंते यांच्या जुन्या ज्ञानातून मिळाले. कणांद्वारे प्रवाहाचे वर्णन करणारी ‘स्मूद्ड पार्टिकल’ पद्धत १९७७ मध्ये खगोलशास्त्रासाठी मांडली गेली होती. पुढे ती पडद्यावरील पाण्यासाठी उपयोगी पडली. हिमासाठी वापरलेली ‘मटेरियल पॉइंट’ पद्धत मुळात १९९० च्या दशकात घन पदार्थांच्या यांत्रिकीसाठी तयार झाली होती.

सदृशीकरणाच्या चार पायऱ्या

वस्तू चेंडू असो, कापड असो वा महासागर, सदृशीकरणाचे चक्र सर्वसाधारणपणे चार पायऱ्यांचे असते.

पहिली पायरी म्हणजे स्थितीची नोंद. एका कणाच्या बाबतीत त्याचे स्थान आणि वेग या दोन सदिश राशी पुरेशा असतात. दगडासारख्या दृढ वस्तूसाठी तिची दिशा आणि कोनीय वेग यांचीही भर पडते. दुसरी पायरी बलांची बेरीज करण्याची. गुरुत्वाकर्षण, स्प्रिंगचा ताण, हवेचा रोध, घर्षण इत्यादी सर्व बले एकत्र करून त्यांना वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. तिसऱ्या पायरीत त्वरणावरून नवा वेग व वेगावरून नवे स्थान काढले जाते. चौथ्या पायरीत टक्कर तपासली जाते. वस्तू जमिनीत किंवा दुसऱ्या वस्तूत शिरली असल्यास तिला बाहेर काढून तिचा वेग दुरुस्त केला जातो. त्यानंतर चक्र पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

यांपैकी दुसरी पायरी शालेय भौतिकशास्त्राची आहे. खरी अडचण तिसऱ्या पायरीत आहे. निसर्गात काळ अखंड वाहतो. संगणकात मात्र तो तुकड्यांनीच पुढे सरकतो. या तुकड्यास ‘काळाचा टप्पा’ म्हणता येईल. टप्प्याच्या दरम्यान बल बदलत असते, पण संगणक ते स्थिर मानतो. सदृशीकरणातील बहुतांश त्रुटींचा उगम येथे आहे.

वरून सोडलेल्या चेंडूचे उदाहरण घेऊ. हवेचा रोध नाही असे मानल्यास एका सेकंदात तो ४.९० मीटर खाली येतो. आता १/२४ सेकंदाचा टप्पा घेऊन हेच गणित केले आणि प्रत्येक टप्प्यात जुना वेग वापरून स्थान काढले, तर उत्तर ४.७० मीटर येते. आधी वेग बदलून नव्या वेगाने स्थान काढले, तर ते ५.१० मीटर येते. नियम एकच, टप्पा एकच. केवळ दोन ओळींचा क्रम बदलल्याने ४० सेंटिमीटरचा फरक पडतो. पडत्या चेंडूत हा फरक प्रेक्षकाच्या लक्षातही येणार नाही. स्प्रिंगच्या बाबतीत मात्र तो सर्वनाश घडवतो.

एका स्प्रिंगचा धडा

एक किलोग्रॅम वस्तुमान १०० न्यूटन प्रतिमीटर ताठरतेच्या स्प्रिंगला जोडले आहे आणि ते १० सेंटिमीटर ओढून सोडले आहे, असे समजू. घर्षण नसेल तर ते सतत १० सेंटिमीटर आयामाने आंदोलत राहील. त्याची कोनीय वारंवारता दर सेकंदाला १० रेडियन आणि आवर्तकाल सुमारे ०.६३ सेकंद असेल.

हेच आंदोलन ऑयलर यांच्या सरळ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक टप्प्यात जुने स्थान व जुना वेग वापरून, १/२४ सेकंदाच्या टप्प्याने काढले तर प्रत्येक टप्प्यात आयाम सुमारे ८.३ टक्क्यांनी वाढतो. एका सेकंदानंतर तो १० सेंटिमीटरऐवजी सुमारे ६८ सेंटिमीटर होतो. पाच सेकंदांनंतर तो जवळपास दीड किलोमीटर झालेला असतो. प्रत्यक्षात स्प्रिंगला कोणीही ऊर्जा दिलेली नसते; ती गणिताच्या त्रुटीतून निर्माण होते. पडद्यावरील कापड अचानक फाटल्यासारखे चहूकडे उडते तेव्हा कलावंत त्यास ‘सिम्युलेशन फुटले’ असे म्हणतो. त्यामागील कारण बहुतेक वेळा हेच असते.

यावर पहिला उपाय टप्पा लहान करण्याचा. टप्पा १/२४० सेकंद केल्यास एका सेकंदातील वाढ सुमारे २३ टक्क्यांवर येते. पण गणनाचे काम दहापट होते आणि दोष पूर्णपणे जात नाही. दुसरा उपाय क्रम बदलण्याचा. आधी वेग आणि मग नव्या वेगाने स्थान काढल्यास तेवढ्याच टप्प्यात आयाम ठरावीक मर्यादेतच वर-खाली होतो, भरकटत नाही. ही पद्धत अर्ध-अव्यक्त ऑयलर पद्धत म्हणून ओळखली जाते आणि खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा मोठा वापर होतो. तिलाही मर्यादा आहे. टप्पा आणि कोनीय वारंवारता यांचा गुणाकार २ पेक्षा कमी असावा लागतो. म्हणजे प्रस्तुत उदाहरणात टप्पा ०.२ सेकंदापेक्षा लहान हवा.

तिसरा उपाय अव्यक्त पद्धतीचा. यात टप्प्याच्या शेवटी असणारे, म्हणजे अद्याप अज्ञात असलेले बल समीकरणात घेतले जाते आणि ते समीकरण सोडवले जाते. या पद्धतीत आंदोलन कधीही फुटत नाही. परंतु ते १० सेंटिमीटरवरून एका सेकंदात सुमारे दीड सेंटिमीटरवर येते. म्हणजे येथे ऊर्जा निर्माण होण्याऐवजी नाहीशी होते. वस्तू जणू मधात बुडवून हलवल्यासारखी सुस्त दिसते.

एकच स्प्रिंग, एकच नियम आणि तीन भिन्न परिणाम. विद्यार्थ्याने या विषयातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाल्यास ती हीच आहे. निसर्गनियम अचूक असला तरी तो कोणत्या पद्धतीने सोडवला यावर पडद्यावरील चित्र अवलंबून असते.

कापड : हजारो स्प्रिंगांचे जाळे

संगणकातील कापड हे बिंदूंचे जाळे असते. लगतचे बिंदू स्प्रिंगांनी जोडले जातात. ताण्याबाण्याच्या दिशेतील स्प्रिंगा कापडाला ताणू देत नाहीत, तिरप्या स्प्रिंगा ते तिरके ओढले जाण्यास विरोध करतात आणि एक बिंदू सोडून जोडलेल्या स्प्रिंगा वाकण्यास विरोध करतात. सुती, रेशमी आणि लोकरी कापडातील फरक या तीन प्रकारच्या ताठरतांच्या प्रमाणातून आणि वजनातून व्यक्त होतो.

कापड सहज वाकते, पण ताणले फारसे जात नाही. त्यामुळे ताणाच्या दिशेतील ताठरता खूप मोठी असते. ताठरता शंभरपट झाली की वारंवारता दहापट होते आणि टप्पा दहापट लहान करावा लागतो. या कोंडीतून बॅराफ आणि विटकिन यांनी अव्यक्त पद्धतीने मार्ग काढला. शंभर गुणिले शंभर बिंदूंच्या कापडात १०,००० बिंदू आणि तीन दिशा धरून ३०,००० अज्ञात राशी असतात. त्यांचा संपूर्ण आव्यूह अर्थात मॅट्रिक्स लिहायचा तर ९० कोटी संख्या लागतील. मात्र प्रत्येक बिंदू फक्त आपल्या शेजाऱ्यांशी जोडलेला असल्याने त्यांतील बहुतेक सर्व संख्या शून्य असतात. अशा विरळ आव्यूहासाठी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली संयुग्मी प्रवणता पद्धत उपयोगी पडते. पदवीच्या वर्गात कंटाळवाणे वाटणारे रैखिक बीजगणित येथे थेट पडद्यावर उतरते. २००६ मध्ये मॅथियास म्युलर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत बलांऐवजी बिंदूंची स्थानेच थेट दुरुस्त केली जातात. ती वेगवान व स्थिर असल्याने खेळांमध्ये लोकप्रिय झाली.

भारतीय वेशभूषा या संदर्भात विशेष कसोटी पाहते. शिवलेला सदरा शरीरावर बहुतांशी एका थरात बसतो. साडी मात्र न शिवलेले सलग वस्त्र असते. निऱ्यांमध्ये तिचे अनेक थर परस्परांना टेकलेले असतात, कमरेशी ते केवळ घर्षणाने व दाबाने टिकतात आणि पदर मोकळा हलतो. प्रत्येक थर दुसऱ्यातून आरपार जाऊ नये यासाठी दर टप्प्याला असंख्य टकरी तपासाव्या लागतात. नऊवारी साडी किंवा धोतर यांचे विश्वासार्ह सदृशीकरण हे म्हणूनच केवळ कलेचे नव्हे, तर संशोधनाचेही काम आहे.

टकरीचा प्रश्न वेगवान वस्तूंतही येतो. सेकंदाला २४ मीटर वेगाने जाणारा चेंडू एका फ्रेममध्ये एक मीटर पुढे जातो. वाटेत दहा सेंटिमीटर जाडीची भिंत असेल, तर एका फ्रेममध्ये चेंडू भिंतीच्या अलीकडे व पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे असू शकतो; संगणकाच्या लेखी टक्कर झालेलीच नसते. म्हणून केवळ टप्प्याच्या शेवटची स्थिती न पाहता दरम्यानचा मार्गही तपासावा लागतो.

पाणी, धूर आणि हिम

प्रवाही पदार्थांचे वर्णन दोन दृष्टींनी करता येते. नदीकाठी एका जागी उभे राहून समोरून जाणाऱ्या पाण्याचा वेग मोजणे ही एक दृष्टी. नावेत बसून पाण्याबरोबर वाहत जाणे ही दुसरी. पहिल्या दृष्टीत अवकाशाची जाळी आखून प्रत्येक घरातील वेग व दाब नोंदवले जातात. दुसऱ्या दृष्टीत पाण्याचे कण मानून प्रत्येकाचा प्रवास पाहिला जातो.

जाळीच्या पद्धतीत काळाच्या टप्प्यावर कडक बंधन येते. प्रवाहाने एका टप्प्यात साधारणतः एका घरापेक्षा जास्त अंतर कापू नये, असा या बंधनाचा आशय आहे. १९२८ मध्ये कूरांट, फ्रीडरिश आणि लेवी यांनी मांडलेली ही अट त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा खर्च मोठा आहे. शंभर घरे लांब, रुंद व उंच अशा जाळीत १० लाख घरे असतात. प्रत्येक दिशेने बारकावा दुप्पट केला की घरे आठपट होतात आणि टप्पा निम्मा करावा लागल्याने एकूण काम १६ पट होते.

स्टॅम यांनी १९९९ मध्ये या बंधनातून सुटण्याचा मार्ग दाखवला. या घरातील धूर पुढे कोठे जाईल असे विचारण्याऐवजी त्यांच्या पद्धतीत या घरात आलेला धूर मागच्या क्षणी कोठे होता असे विचारले जाते. मागे जाऊन तेथील किंमत आणल्याने ती अवास्तव वाढू शकत नाही आणि गणन स्थिर राहते. याचीही किंमत आहेच. शेजारच्या घरांची सरासरी वारंवार घेतली गेल्याने धुरातील लहान भोवरे पुसट होतात. ते पुन्हा जिवंत करण्यासाठी २००१ मध्ये भोवऱ्यांना बळ देणारी पूरक पद्धत पुढे आली.

हिम हा आणखी वेगळा पदार्थ आहे. तो मुठीत दाबला की गोळा होतो, फेकला की फुटतो आणि उतारावर वाहूही लागतो. म्हणजे तो काही प्रमाणात घन आणि काही प्रमाणात प्रवाही असतो. ‘फ्रोझन’साठी वापरलेल्या पद्धतीत पदार्थ कणांच्या रूपात साठवला जातो, बलांचे गणित जाळीवर होते आणि परिणाम पुन्हा कणांना दिला जातो. वर सांगितलेल्या दोन्ही दृष्टींचा हा संगम आहे.

खरे आणि खरे वाटणारे

विज्ञानातील सदृशीकरण आणि ॲनिमेशनमधील सदृशीकरण यांत एक मूलभूत भेद आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. तेथे लाट किनाऱ्याला केव्हा पोहोचेल व किती उंच असेल याचे उत्तर बरोबर असावेच लागते, कारण त्यावर किनाऱ्यावरील लोकांचे प्राण अवलंबून असतात. चित्रपटातील लाट खरी वाटली की पुरेसे असते. शिवाय ती दिग्दर्शकाला हवी त्या क्षणी, हव्या त्या ठिकाणी फुटावी लागते. निसर्गनियमाला कथेच्या आज्ञेत कसे ठेवावे हा ॲनिमेशनचा स्वतःचा प्रश्न आहे.

तथापि, दोन्हींचा पाया समान असल्याने एका क्षेत्रातील प्रशिक्षण दुसऱ्यात उपयोगी पडते. शस्त्रक्रियेचे आभासी प्रशिक्षण, वाहनांच्या अपघात-चाचण्या, यंत्रमानवांचे शिक्षण, पूर व हवामानाचे अंदाज या सर्वांत बल, टप्पा, स्थिरता आणि टक्कर हेच प्रश्न निराळ्या रूपात येतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने केवळ वर्णनावरून चलचित्रे तयार करू लागली आहेत. ती पाहिलेल्या चित्रांवरून पुढील चित्राचा अंदाज बांधतात. त्यांत वस्तुमान वा ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची हमी नसते. त्यामुळे कोणते चित्र का चुकीचे आहे हे ओळखणाऱ्या माणसाची गरज कमी होत नाही.

अभ्यासाचा क्रम

या विषयाची तयारी महागड्या यंत्रसामग्रीपासून सुरू होत नाही. उच्च माध्यमिक स्तरावरील सदिश, न्यूटनचे नियम, सरल आवर्त गती आणि कलनशास्त्राची ओळख एवढ्या भांडवलावर प्रारंभ करता येतो. पहिल्या टप्प्यात पडणारा चेंडू व एक स्प्रिंग यांचे गणित साध्या संगणकावर, पायथॉनसारख्या मुक्त भाषेत वीस-पंचवीस ओळींत लिहावे आणि वरील तिन्ही पद्धतींचे आलेख स्वतः काढून पाहावेत. दुसऱ्या टप्प्यात स्प्रिंगांची दोरी, मग कापड घ्यावे. तिसऱ्यात दृढ वस्तूंची टक्कर व घर्षण, चौथ्यात द्विमितीय धूर आणि त्यानंतरच त्रिमितीय पाणी, असा क्रम हितावह ठरतो. प्रत्येक टप्प्यावर उत्तर माहीत असलेल्या एखाद्या साध्या प्रश्नाशी निकाल ताडून पाहावा. एकूण ऊर्जा किती टिकली हे पाहणे ही त्यांतील सर्वांत सोपी कसोटी होय.

अभ्यासाची साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. विटकिन आणि बॅराफ यांची या विषयावरील अध्यापन-टिपणे दीर्घकाळ विद्यार्थ्यांच्या वापरात आहेत. ‘ब्लेंडर’ हे त्रिमितीय सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त स्रोत स्वरूपात आहे आणि त्यात कापड, धूर, द्रव व दृढ वस्तू यांच्या सदृशीकरणाची सोय आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटेल’ उपक्रमातून संगणक आलेखिकी, संख्यात्मक पद्धती व रैखिक बीजगणित यांचे अभ्यासक्रम घरबसल्या पाहता येतात. मोठ्या शहरातील महागड्या प्रशिक्षण वर्गाला जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

भारतापुढील संधी आणि प्रश्न

भारतात ॲनिमेशनचे संघटित प्रशिक्षण १९५६ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात डिस्नेमधील अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना शिकवले. तेथे घडलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अग्रणी ठरले. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि आयआयटी मुंबईचे औद्योगिक डिझाइन केंद्र यांनी ही परंपरा पुढे नेली. १९९० च्या दशकानंतर परदेशी चित्रपट व मालिकांची कामे भारतात येऊ लागली आणि मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूरु, चेन्नई, तिरुवनंतपुरम या शहरांत हा उद्योग वाढला.

शासकीय पातळीवरही या क्षेत्राची दखल घेतली गेली आहे. कर्नाटकाने २०१२ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण आखले. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्रासाठी कृती दलाची घोषणा झाली आणि त्याच वर्षाअखेर त्याचा अहवाल सादर झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन करण्यास मंजुरी दिली. त्यातून साकारलेल्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे कार्य २०२५ मध्ये सुरू झाले.

संस्था उभ्या राहिल्या तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. परदेशातून आलेल्या कामाचा मोठा भाग हा इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या आधारे, इतरांनी ठरवलेल्या आराखड्यानुसार करायचा असतो. असे काम रोजगार देते. परंतु स्वस्त मनुष्यबळ दुसरीकडे मिळाले किंवा तेच काम यंत्र करू लागले, की त्याचा पहिला फटका साधन केवळ हाताळणाऱ्याला बसतो. साधन घडवणारा किंवा बिघडलेले साधन दुरुस्त करू शकणारा तंत्रज्ञ अधिक सुरक्षित असतो. मूल्यसाखळीत वर जाणे याचा या क्षेत्रातील अर्थ हाच आहे.

हे साध्य होण्यात आपल्या शिक्षणातील शाखांची विभागणी अडसर ठरते. कला शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्याचे गणित दहावीनंतर सुटते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला चित्र पाहण्याची सवय लागत नाही. सदृशीकरणाला मात्र दोघांचीही गरज असते. कापड वाऱ्यावर कसे वळते हे डोळ्याने टिपणारा आणि ते का वळते हे समीकरणात मांडणारा, असे दोन्ही गुण एका व्यक्तीत किंवा निदान एका गटात असावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला व विज्ञान यांच्यातील कठोर भिंती दूर करण्याचा विचार मांडला आहे. त्याची उपयुक्तता दाखवणारे याहून नेमके उदाहरण शोधणे कठीण आहे.

समारोप

भौतिकाधारित सदृशीकरण हा मनोरंजनाच्या पडद्यामागे दडलेला विज्ञानाचा विषय आहे. त्याचे नियम शालेय पाठ्यपुस्तकात आहेत, त्याची साधने विनामूल्य आहेत आणि त्याचा पहिला प्रयोग एका स्प्रिंगने होऊ शकतो. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर ती स्प्रिंग फुटताना पाहिली, ती का फुटली हे शोधले आणि स्वतःच्या हाताने तिला स्थिर केले, तर साधन वापरणाऱ्यापासून साधन घडवणाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचे पहिले पाऊल त्याने टाकलेले असते. नव्या संस्था आणि धोरणे यांचे यश अशी किती पावले पडतात यावर मोजले जावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. काळाचा टप्पा म्हणजे काय? तो मोठा घेतल्यास सरळ ऑयलर पद्धतीत ऊर्जेचे काय होते, ते स्प्रिंगच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. जाळीचा बारकावा प्रत्येक दिशेने दुप्पट केल्यास गणनाचे काम १६ पट का होते?

३. त्सुनामीचा अंदाज आणि चित्रपटातील लाट यांच्या सदृशीकरणातील साम्य व भेद सांगा.

४. ‘ॲनिमेशन क्षेत्रात रोजगाराबरोबरच ज्ञाननिर्मितीची क्षमता वाढवणे आवश्यक आहे.’ केंद्र व राज्य शासनांच्या उपक्रमांच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.